शेवटची शिट्टी होईपर्यंत

मनहॉल, पेनसिल्व्हेनिया
मंगळवार, ३ ऑक्टोबर १९८९

प्रिय व्हेर्का,

तुला आणि ऑगीला अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर लिहायला आज बसलोय, त्याचा राग धरू नकोस. ऑगीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, काठी घेऊन तो परसातल्या टोमॅटोंपर्यंत जाऊन येतो, हे वाचून बरं वाटलं. त्याला म्हणावं जिने चढायची घाई नको. आमच्या गल्लीतल्या एकाने अशीच घाई केली आणि दुसऱ्या पायाचंही करून घेतलं. मी त्याला घाबरवायला लिहीत नाही. पण जिन्याच्या कठड्याला हात लावूनच चढ म्हणावं, आणि पायात मोजे नकोत.

इकडे सकाळी गारठा पडायला लागलाय. तळघरातली भट्टी पेटवली की खोकल्यासारखा आवाज करते. माणूस बोलावलाय, तो उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. पानं गळून पन्हळ भरलीय. डॉलोरेसने मला शिडीवर चढायची बंदी केली आहे. पोटच्या मुलीकडून बंदी ऐकून घ्यायची वेळ आली, दुसरं काय.

तू लिहितेस, "भाऊजी, एका मॅचवरून माणूस इतका रुसतो का? ऑगी फोन करून थकला. तुमच्या घरात फोन वाजतो की नाही?" वाजतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, एक वाजला की सगळं घर वाजतं. मी घेतला नाही हे खरं. ऑगी काय बोलणार ते मला फोन न घेताच ऐकू येत होतं. "साडूभाऊ, तुमच्या स्टेडियमचा गुणांचा फळा दुरुस्त करून घ्या, तुमच्या बाजूचे दिवे पेटतच नाहीत." असंच काहीतरी ना? विचार त्याला.

तर मान्य करतो, लेखी देतो. फुटबॉलच्या मोसमाची पहिली मॅच, आपलं घरचं मैदान, आणि एक्कावन्न विरुद्ध शून्य. आपल्या पोरांच्या हातात बॉल म्हणजे साबणाची ओली वडी झाली होती. आठ वेळा त्यांनी तो तुमच्या लोकांना देऊन टाकला. पेपरात आलं की या टीमने जन्मापासून इतका मोठा मार कधी खाल्ला नव्हता. आमच्या मागच्या रांगेतला तो लोखंडकाम करणारा, रे नावाचा, तुला आठवत असेल, त्याने एकदा तुझ्या टोपीवर मोहरी सांडली होती. मध्यंतराच्या जरा आधी तो उठला आणि म्हणाला, "मेटोकाका, मी घरून निघताना गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. जरा बघून येतो." जो गेला तो गेला.

पुढच्या रविवारी सिनसिनाटीत पुन्हा तसंच झालं. मग मात्र पोरांना लाज वाटली असावी, लागोपाठ दोन जिंकल्या. आता पंधरा तारखेला तुमच्याकडे, क्लीव्हलँडला, पुन्हा गाठ आहे. दरवर्षीप्रमाणे आम्ही दोघांनी तुमच्याकडे यायचं. त्याबद्दल लिहायचंच आहे.

आणि अक्रोडाच्या रोलबद्दलही. रोल आले नाहीत म्हणून ऑगी पोस्टमनला छळत असेल. आमची पैज मी विसरलेलो नाही, जो हरेल त्याच्या घरून जिंकणाऱ्याकडे रोल जायचे. तू नेहमी म्हणतेस, हरता तुम्ही पुरुष आणि पीठ मळायचं आम्ही. ते येतील. उशीर झाला, पण येतील.

तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, तू एक ओळ घातली आहेस. "ताईचं मनगट अजून बरं नाही का? माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर तुमचं अक्षर होतं." ती ओळ मी खूपदा वाचली. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, या घरातून गेलेली सगळी पत्रं तिच्याच हातची, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. माझ्या अक्षराची तुला सवय नाही आणि मलाही नाही.

मनगट बरं आहे. मिल्काच्या मनगटाला कधी काही झालंच नव्हतं, व्हेर्का.

मिल्का वरून हाक मारतेय. इथे थांबतो.

बुधवार

काल लिहिलेलं सकाळी वाचून पाहिलं. मॅचची गोष्ट मी अर्धीच सांगितलीय, आणि जी अर्धी सांगितली तिच्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही. आता पुरती लिहितो. मिल्का खिडकीपाशी बसून मोज्यांच्या जोड्या लावतेय. लावून झाल्या की मी त्या पुन्हा सुट्या करून टोपलीत टाकतो. यात फसवणूक आहे हे मला कळतं. पण तिचा वेळ बरा जातो, आणि जोडी जमली की ती मला उचलून दाखवते.

स्टेडियम नवीन झालं तेव्हा आम्ही या दोन खुर्च्या घेतल्या, तेव्हा आपली टीम कशी होती तुला माहीत आहे. तेव्हा हरायची सवयच होती. मी कारखान्यातून दमून आलेला, मला वाटायचं चला, पुलावर गाड्यांची गर्दी व्हायच्या आत निघू. मी उठलो की मिल्का माझं जाकीट मागून धरायची. "मेटो, खाली बस. ती पोरं मैदान सोडून जाऊ शकत नाहीत, मग तू कसा निघालास?" शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही, हा तिचा नियम होता, माझा नव्हे. त्या डिसेंबरात तुझे पाय गारठून तू रडकुंडीला आली होतीस, आठवतं? तिने स्वतःचे मोजे काढून तुला दिले, पण उठू दिलं नाही. ऑगी म्हणाला होता, तुझी बहीण तुरुंगात शिपाई शोभली असती.

दुसराही एक नियम होता. गर्दीत चुकामूक झाली तर शोधाशोध करायची नाही. मॅच संपली की बाहेरच्या बेसबॉलवाल्याच्या पुतळ्यापाशी यायचं. एवढ्या वर्षांत त्याची वेळ कधी आली नव्हती.

यंदा न्यावं की नाही हा विचार मी उन्हाळाभर करत होतो. डॉलोरेस नकोच म्हणत होती. पण त्या रविवारी मिल्का स्वतःच आपल्या टीमचा पिवळा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. मग मला नाही म्हणवेना.

आणि ती इतकी खुशीत होती, व्हेर्का. सबंध स्टेडियममध्ये आनंदात असलेलं आमच्या बाजूचं माणूस ती एकटीच. कोणीही बॉल घेऊन पळालं की उभी राहून टॉवेल फिरवायची. रे मागून म्हणाला, "काकू, तो त्यांचा टचडाऊन होता." ती म्हणाली, "असू दे. पळाला छान." आजूबाजूचे लोक हसले. त्या दिवशी त्यांना हसायला दुसरं होतंच काय. मीही हसलो. मला वाटलं, हिला फळ्यावरचे आकडे कळत नाहीत हेच बरं, आम्हालाही कळले नसते तर आम्हीही असेच टॉवेल फिरवले असते.

मध्यंतरात ती बाथरूमला जाते म्हणाली. एरवी कुठे गेलो की मी दाराबाहेर उभा राहतो, बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात, मला त्याचं काही नाही. त्या दिवशी मी गेलो नाही. बाथरूम पायऱ्या चढून वर गेलं की समोरच, एवढ्या वर्षांची तिची पायाखालची वाट. आणि त्या दिवशी ती इतकी चांगली होती की मला जुन्या दिवसांसारखं खुर्चीत बसून राहावंसं वाटलं. पर्स आणि स्वेटर माझ्या मांडीवर ठेवून ती गेली.

मध्यंतर संपून खेळ पुन्हा सुरू झाला तरी ती आली नाही. म्हटलं, बायकांची रांग मोठी असेल. तोपर्यंत लोक उठायला लागले होते. आधी एकेकटे, मग घरंच्या घरं, मग आख्ख्या रांगा. आपल्या गावात असं कधी झालेलं मी पाहिलं नाही. जाणारे मैदानाकडे वळूनही बघत नव्हते. मला मात्र काळजी नव्हती, आणि हे मी अगदी खरं लिहितोय. सगळं स्टेडियम उठून गेलं तरी मिल्का ह्रिवनाक शिट्टी होण्याआधी जाणार नाही, हे मला सूर्य उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. तीच तर मला जाकीट धरून बसवायची.

मग एकदा मान वळवून पाहिलं तर आमच्या सबंध भागात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कागदी पेले घरंगळत होते. आणि मला सुचलं, स्टेडियम रिकामं झाल्यावर बाथरूमला रांग कुठली असणार?

उठलो. दोन पायऱ्या चढलो. पुन्हा खाली येऊन बसलो. वाटलं, मी शोधायला गेलो आणि ती दुसऱ्या बाजूने आली, तर तिला रिकामी खुर्ची दिसेल. मग ती काय करेल? पुन्हा उठलो, जिन्यावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही जागेवरच बसा, सापडली की तिथेच आणून सोडतो." म्हणून बसलो. तुमची टीम अजून धावतच होती. मी तिचा स्वेटर घट्ट धरून शिट्टी होईपर्यंत बसलो. शिट्टी झाल्यावर बाहेर पडायच्या त्या उतारावरून कसा खाली आलो ते मला सांगता येणार नाही. माझं वय विसरलो होतो.

ती पुतळ्यापाशी होती.

चौथऱ्याच्या कडेला बसली होती, खांद्यावर कोणाचं तरी भलंमोठं नारिंगी जाकीट, तुमच्या रंगाचं. शेजारी त्याच रंगाची टोपी घातलेला एक दांडगा माणूस आणि त्याची बायको. मिल्काने मला पाहिलं आणि जरा रागावूनच म्हणाली, "मेटो, किती उशीर? आणि व्हेर्का अजून सुटली नाही."

तो माणूस उठून बाजूला आला. तुमच्या बाजूच्या लोरेन गावचा, नाव डेल. मला म्हणाला, "काका, या तुमच्या का? मी सिगरेट ओढायला बाहेर आलो होतो. सगळे उतारावरून खाली येत होते आणि या एकट्या प्रत्येकाला धरून विचारत होत्या, लहान मुलगी पाहिली का म्हणून. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. लोक इतके वैतागलेले, कोणी थांबेना. मला वाटलं खरंच पोरगी हरवलीय. पोलिसाला हाक मारणार होतो. तेवढ्यात या म्हणाल्या, ती दुसरीत आहे, सिस्टर तिला उशिरा सोडतात."

"मग?"

"मग मी म्हटलं, शाळा सुटायचीय अजून. आपण इथेच थांबू. बायकोला बोलावून घेतलं."

मी म्हटलं, "तुमची मॅच राहिली की." त्याच्या टीमचा एवढा मोठा विजय, तोही आमच्या घरात, आणि शेवट त्याने भिंतीबाहेरून ऐकला होता. तो म्हणाला, "राहू द्या. निकाल माहीतच होता." त्याची बायको मिल्काची वेणी नीट बांधत होती, जणू तिचं नेहमीचंच काम. तिला हे कोणामुळे सवयीचं झालंय ते मी विचारलं नाही.

मिल्काची चूक काय होती ते मला गाडीत बसल्यावर कळलं. चूक नव्हतीच. बाथरूममधून ती बाहेर आली तेव्हा सगळे घरी निघाले होते. सगळे निघाले म्हणजे मॅच संपली. मॅच संपली म्हणजे पुतळ्यापाशी जायचं. ती पुतळ्याच्या नियमाने वागली आणि मी तिच्या नियमाने बसलो. मधल्या मध्ये तिला शाळा आठवली असावी, आणि तू.

तर आता तुला कळलंय, मी फोन का घेतला नाही ते. ऑगीला वाटू दिलं की मी एक्कावन्न-शून्यवर रुसलोय. रुसलेल्या माणसाला कोणी दुसरं काही विचारत नाही.

गुरुवार

काल रात्रीपासून मनात एकच घोळतंय, की हे पत्र टाकू की चुलीत घालू. कारण मी शब्द मोडतोय.

गेल्या हिवाळ्यात, ख्रिसमसच्या जरा नंतर, एके सकाळी ती अगदी स्वच्छ उठली. असे दिवस तेव्हा अजून येत होते. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मेटो, मला जे होतंय ना, ते आईला झालं होतं तेच आहे. व्हेर्काला सांगू नकोस. तिने एकदा पाहिलंय, पुन्हा नको." मी हो म्हटलं. तिने विचारलं, "नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं. तू तुझ्या आईला नदीकाठच्या त्या जुन्या घरात शेवटपर्यंत सांभाळलंस. मिल्काला माझी, डॉलोरेसची आणि कारखान्याच्या पाळ्यांची अडचण होती, ती जमेल तेव्हा यायची. पण रोजची तूच होतीस. तुला हे सांगायचं म्हणजे पुन्हा त्या घरात ढकलल्यासारखं आहे. शिवाय हे वाचून तुला स्वतःचीही भीती वाटेल, ते मला कळत नाही असं समजू नकोस. रात्री चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही की तू घाबरशील. घाबरू नकोस. मलाही चष्मा सापडत नाही, आणि माझ्या घरात तर हा आजार कोणालाच नव्हता.

पण मला विचारायला दुसरं कोणी नाही.

डॉलोरेसने चर्चच्या सिस्टर लोकांच्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात मिल्कासाठी एक खोली बघून ठेवलीय. या महिनाअखेरपर्यंत ते ती आपल्यासाठी राखून ठेवणार आहेत, मग दुसऱ्याला देतील. डॉलोरेसला तू ओळखतेस, ती वाईट मुलगी नाही. रविवारी ती स्वयंपाकघरात बसून माझ्याशी नीट बोलली.

"बाबा, त्या दिवशी तो माणूस भेटला नसता तर?"

"भेटला ना पण."

"पुढच्या वेळी?"

मी कपातली साखर ढवळत राहिलो.

"दाराला तुम्ही घंटा बांधलीय. रात्री तुम्ही खुर्चीत झोपता. शेगडीच्या कळा काढून खिशात घालून फिरता. गेल्या रविवारी चर्चमध्ये तुमच्या खिशातून कळ पडली आणि घरंगळत पार वेदीपर्यंत गेली. लोकांना काय सांगू मी?"

"सांग की म्हाताऱ्याने शेगडी दान केली."

ती हसली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला आई जायला नकोय. पण दोघंही जायला नकोत."

मी जाऊन ती जागा पाहून आलो. वाईट काहीच नाही, तेच तर अवघड आहे. फरशी स्वच्छ. सिस्टर गोड बोलतात. खिडकीतून नदी दिसते, आणि बंद पडलेला कारखानाही, त्याच्या भिंती आता पाडतायत. बायका खुर्च्यांवर गोल करून बसल्या होत्या. मी सगळ्यांना नमस्कार केला, दोघींनीच उलट केला. एकीने मला विचारलं, "मला न्यायला आलात का?" मी म्हटलं, "नाही बाई." मग घरी येईपर्यंत मला वाटत राहिलं की हो म्हणायला हवं होतं.

आता माझा प्रश्न ऐक. मिल्का पहिल्यासारखी असती आणि मी तिला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. जाकीट धरून म्हणाली असती, खाली बस. हरलेली असली म्हणून काय झालं, शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. पण त्या दिवशी मी तेच केलं, मी बसून राहिलो, आणि त्यातच ती हरवली. तेव्हापासून मला तो नियमच कळेनासा झालाय. बसून राहायचं ते कोणासाठी? तिच्यासाठी, की माझ्यासाठी?

तू बसलीस. आईचं संपेपर्यंत बसलीस. ऑगीने एकदा मला सांगितलं, त्या वर्षांत व्हेर्का हसायचं विसरली होती. त्यावर तू कधीच काही बोलली नाहीस आणि आम्ही कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मदतीला यावं लागलं असतं. आज विचारतोय. बरोबर केलंस का? पुन्हा वेळ आली तर तसंच करशील का? मला चांगलं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. जे असेल ते लिही. नाही म्हणालीस तर मी तिला तिकडे नेईन आणि तुला दोष देणार नाही. हो म्हणालीस तर पन्हळीसाठी माणूस लावीन, शेगडीच्या कळा खिशात ठेवीन, आणि डॉलोरेसशी मी बोलून घेईन.

पंधरा तारखेला आम्ही क्लीव्हलँडला येत नाही. एवढ्या गर्दीत तिला पुन्हा नेण्याची माझी छाती नाही. उलट तुम्हीच इकडे याल का? ऑगीला गाडीत पाय लांब करून मागे बसता येईल, चालवायला तुझा पुतण्या आहे. तिकिटं त्यालाच कोणा मित्राला देऊ दे. साडूला म्हणावं, हे मोठं मागणं आहे ते मला ठाऊक आहे, पण रेडिओ इकडेही लागतो, आणि हरल्यावर तोंड लपवायला आमचं तळघर मोकळं आहे.

तू आलीस की ती तुला ओळखेल, असं वचन मला देता येत नाही. ती साठी ओलांडलेल्या बाईला शोधत नाही, दोन वेण्यांच्या मुलीला शोधतेय. रोज दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, कोट घालून दारात उभी राहते. पण शोधतेय ती तुलाच.

शुक्रवार सकाळ

काल रोल केले. डॉलोरेस कामावरून येताना अक्रोड घेऊन आली आणि पीठ तिनेच मळलं, कारण कृती मिल्काने कधी कागदावर लिहिलीच नव्हती, ती हातातच होती. आमचं काही जमत नव्हतं. पीठ फाटत होतं. डॉलोरेस मला ओरडली, मी तिला ओरडलो. तेवढ्यात मिल्का मोजे खाली ठेवून उठली, आम्हा दोघांना कोपराने बाजूला सारलं आणि पिठात हात घातला. बाई, काय सांगू. लाटलं, पसरलं, अक्रोड पसरले, चादर गुंडाळावी तसं गुंडाळलं. एक शब्द बोलली नाही. डॉलोरेस भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने तोंडावर पदर धरावा तसा हात पुसायचा कपडा धरला.

भाजून निघाल्यावर मी सुरी तिच्या हातात दिली नाही, मीच कापायला घेतलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, "थांब. टोकाचा तुकडा व्हेर्काचा. तो कोणी खायचा नाही, नाहीतर ती रडेल."

तो मी वेगळा गुंडाळलाय, तिच्या पिवळ्या टॉवेलात. बाकीचा रोल ऑगीचा, पैजेचा. टोकाचा त्याला देऊ नकोस.

फोन करणार असशील तर रविवारी सकाळी कर, ती कळ पडली तेव्हापासून मी चर्चला जात नाही, डॉलोरेस तिला नेते आणि मी घरात एकटा असतो. आता मी पहिल्या घंटेला उचलीन. बोलवत नसेल तर लिही, दोन ओळी चालतील. पण लवकर कळव, व्हेर्का. महिना संपायच्या आत कळव. ती रोज दुपारी दारात उभी असते, आणि तू अजून सुटली नाहीस एवढंच मी तिला सांगत असतो.

तुझा भाऊजी,
मेटोड